बोचकेबुवा आणि पुसलेली ओळ

बोचकेबुवांना हे नाव कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणूस कळत होता. दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी पुस्तकं आवाजात साठवून ठेवणारी एक संस्था होती, तिथे बुवा कामाला होते. काचेच्या बंद खोलीत बसून कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी दातांचे डॉक्टर पुस्तक मोठ्याने वाचत. प्रत्येक प्रकरणाची एक वेगळी आवाजाची फाइल होई, आणि मग पुस्तकाची सगळी प्रकरणं दाबून, आवळून एकाच फाइलमध्ये बांधली जात. या बांधलेल्या फाइलला जग काय म्हणायचं ते म्हणो, बुवा तिला बोचकं म्हणत. ‘कवितांचं बोचकं फार जड झालंय’, ‘त्या खुनाच्या बोचक्याची गाठ सैल आहे’ असं ते भर बैठकीत बोलत, आणि नवीन आलेला माणूस दाराकडे बघे, कपडे धुणारा आलाय की काय म्हणून.

आता बोचकी बांधण्याच्या तऱ्हा अनेक. संस्थेत जो जो संगणकवाला येऊन गेला त्याने आपापल्या आवडीची गाठ मारून ठेवली होती. एकाने रार, दुसऱ्याने टार, तिसऱ्याने असलं काहीतरी की ते सोडायची विद्या त्याच्याबरोबरच नोकरी सोडून गेली. आणि मग आली वाचकांना द्यायची नवी यंत्रं. तळहातावर मावणारी, ठसठशीत बटणांची, दिसायला गुणी आणि स्वभावाने हट्टी. झिप नावाची गाठ असेल तर सोडीन, नाहीतर तोंड उघडणार नाही. म्हणजे सगळी पुस्तकं झिपमध्ये बदलणं आलं. हाताने एकेक सोडून पुन्हा बांधायचं म्हटलं असतं तर बुवांची नोकरी संपली असती आणि बोचकी उरली असती.

म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर बुवा स्क्रिप्ट लिहायला शिकले. काळ्या पडद्यावर हुकूम लिहून ठेवायचे आणि संगणकाने ते वरून खाली मुकाट पाळायचे, एवढंच ते. घरात आपला हुकूम कोणी पाळत नाही हे ठाऊक असलेल्या माणसाला यातलं सुख सांगायला नको. बुवांची स्क्रिप्ट साधी होती. परात रिकामी कर. जुनं बोचकं परातीत सोड. परातीत जे असेल ते सगळं झिपमध्ये बांध. नवं बोचकं धड आहे का तपास, आणि धड असेल तरच जुनं टाकून दे. परात म्हणजे तात्पुरता फोल्डर. ‘परात घासल्याशिवाय दुसरं पीठ मळायचं नाही,’ हे त्यांचं तत्त्व होतं, आणि ते त्यांच्या बायकोचं होतं.

या सगळ्या हुकमांच्या डोक्यावर त्यांनी एक ओळ लिहिली होती. तिच्या सुरुवातीला एक खूण असते, ती दिसली की संगणक ती ओळ वाचतच नाही, पुढे जातो. अशी ओळ माणसाने माणसासाठी लिहायची. तीत बुवांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहिलं होतं, ‘काम नीट झालं तर आठवण ठेवा, बिघडलं तर हाक मारा.’ बाकी स्क्रिप्ट त्यांनी चार दिवसांत लिहिली असेल, पण ही ओळ ते महिनाभर गिरवत होते. उभ्या जन्मात त्यांचं नाव कुठे छापून आलेलं नव्हतं.

याच संस्थेत बुवांचा साडू होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला चिकटवला कोणी? बुवांनीच. ‘माझी बहीण तोंड लहान करून बसलीय आणि तुम्हाला घास कसा उतरतो?’ असं बायको म्हणाली, म्हणून बुवा जाऊन मॅडमना भेटले होते. मॅडम म्हणजे संस्थेच्या संचालिका. साडू आला, चटपटीत निघाला, शर्टाच्या बाह्या दुमडून बोलायला लागला, आणि संग्रहप्रमुखाची जागा रिकामी व्हायची बातमी त्याला बुवांच्या आधी कळायला लागली.

ज्या बैठकीत ते सगळं घडलं ती दुपारच्या चहाची होती. साडूने भिंतीवर बुवांची स्क्रिप्ट मोठ्या अक्षरांत लावली. बुवा कौतुकाने वर बघायला लागले आणि बघतात तो काय, अगदी वर ‘परात रिकामी कर’. त्यांची ओळच नव्हती.

“सुंदर,” मॅडम म्हणाल्या. “कोणाचं काम हे?”

“टीमचं, मॅडम,” साडू म्हणाला. “म्हणजे बसवलं सगळं मी.”

याच क्षणी बुवांच्या तोंडात अख्खं बिस्किट होतं. ते चावून, गिळून, घोट घेऊन बोलायला तोंड मोकळं होईपर्यंत विषय पंख्याच्या दुरुस्तीवर गेला होता. आयुष्यात हुकलेल्या संधींची कारणं लोक फार मोठी सांगतात. बुवांचं कारण बशीत मावत होतं.

बैठक संपल्यावर त्यांनी साडूला जिन्यात गाठलं.

“वरची ओळ कुठे गेली रे?”

“कुठली? ती कॉमेंट होय? अहो दादा, ती मशीन वाचतच नाही. नसली तरी चालतं.”

“मी वाचतो ना.”

“तुम्ही काय, तुम्हाला पाठच आहे!” असं म्हणून साडू हसत हसत दोन दोन पायऱ्या उतरून गेला. पुढच्या महिन्यात तो संग्रहप्रमुख झाला.

बुवांना ती खुर्ची नको होती. खरंच नको होती, कारण तिच्यावर बसणाऱ्याला पंख्याच्या दुरुस्तीचंही बघावं लागतं. त्यांना हवी होती ओळ. आणि मॅडमकडे जाऊन ती मागायची नव्हती, कारण स्वतःचं नाव मागून घेणं म्हणजे आपल्याच लग्नात ताट मागण्यासारखं. ती ओळ साडूच्याच हाताने, चारचौघांत, मान खाली घालून परत लिहून घ्यायची असं त्यांनी ठरवलं. आणि त्या दिवसापासून त्यांनी साडूला ‘अरे’ म्हणणं सोडलं.

हे घरात पहिल्यांदा कळलं ते सगळे एकत्र जेवायला बसले तेव्हा. बुवा साडूकडे वळून म्हणाले, “तुम्हाला अजून काही वाढायला सांगू का?”

मेव्हणीच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. ज्याला लग्नापासून ‘ए ढमाल्या’ म्हणून हाक मारली त्याला एकदम ‘तुम्ही’? साडू मात्र खूश झाला. त्याला वाटलं, पदाचा मान.

“भाऊजी, काही झालंय का?” मेव्हणीने विचारलं.

“छे छे. मोठ्या माणसांशी रीतीने बोलावं.”

बायकोने टेबलाखालून बुवांच्या पायावर पाय दिला. त्याचा काही उपयोग नव्हता. बुवांचा राग उकळणारा नव्हता, मुरणारा होता. बरणीत घालून, झाकण लावून, फळीवर ठेवून द्यायचा आणि अधूनमधून जाऊन बघायचं, पाणी सुटलंय का.

मधल्या काळात त्यांनी भूक भागवण्यापुरते किरकोळ सूड घेतले. साडूच्या खुर्चीचा खटका ते येताजाता असा ढिला करत की दुपारपर्यंत खुर्ची हळूहळू खाली बसे, आणि फोनवर रुबाबात बोलता बोलता साडूची हनुवटी टेबलाला टेके. तक्रारीचा प्रत्येक फोन ते ‘संग्रहप्रमुखांना देतो हं’ म्हणून तिकडे ढकलत. पण ही सगळी चटणी झाली, जेवण नव्हे.

जेवण चालत आलं ते साडूच्या पायांनी.

“दादा, एक मिनिट येता?” त्याने एका सकाळी हाक मारली. “तुमची, म्हणजे आपली ती स्क्रिप्ट. उद्या सगळ्या संग्रहावर चालवायचीय. मी जरा सेफ केलीय, नजर टाका.”

बुवा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

“ते परात रिकामी करायचं काढून टाकलं,” साडू सांगायला लागला. “सगळं पुसून टाकणारा हुकूम होता तो. हुकमात एखादी मोकळी जागा इकडची तिकडे पडली तर अख्खा सर्व्हर साफ. नेटवर सगळे बोंबलतायत, असले हुकूम ठेवू नका म्हणून.”

“बरोबर आहे तुमचं.”

“मग ते मध्येच विचारायला लागलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? दर फाइलला तेच. म्हटलं, एकदाच सांगून टाकू, कधीच लिहू नको. कशावरच काही लिहायचं नाही. सेफ.”

“फारच सेफ.”

“जुनी बोचकी मात्र पाठोपाठ डिलीट, ते तुमचंच ठेवलंय. जागा वाचते. कशी काय?”

बुवांना कळलं, आणि पायाच्या नखापासून कळलं. संस्थेतल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रकरणांची नावं सारखीच होती: एक, दोन, तीन. म्हणून तर परात घासायची. आता काय होणार? पहिलं पुस्तक परातीत पडणार आणि तिथेच राहणार. दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण सोडायला गेलं की संगणक बघणार, ‘एक’ तर इथे आधीच आहे, वर लिहायचं नाही असा हुकूम आहे, सोडून द्या. दोनचं तेच, तीनचं तेच. आणि परातीत जे असेल ते, म्हणजे पहिलंच पुस्तक, दुसऱ्याच्या नावाने झिपमध्ये बांधलं जाणार. तपासणीत बोचकं धडच निघणार, कारण गाठ उत्तम, माल तेवढा दुसऱ्याचा. आणि मग धड आहे म्हणून खरं पुस्तक फेकून दिलं जाणार. पुढचं प्रत्येक पुस्तक तसंच. काही पुसायचं नाही, काही खोडायचं नाही अशी शपथ घेऊन साडू अख्खा संग्रह पुसायला निघाला होता.

‘अरे गाढवा’ हे शब्द बुवांच्या दातांपर्यंत आले. आले आणि अडले. कारण ते बोलायचे तर ‘अरे’ म्हणावं लागणार, आणि एकदा ‘अरे’ म्हटलं की बरणी फुटली. परत तेच, एकत्र चहा, पाठीवर थाप, ‘दादा होते म्हणून वाचलो बुवा’, आणि ओळ गेली ती गेलीच.

“छान आहे,” बुवा म्हणाले. “हात लावायला जागा नाही.”

“खरंच?”

“मी असतो तर मला सुचलंच नसतं.”

साडूचा चेहरा फुलला. बुवा आपल्या जागेवर गेले, कपाटातल्या जुन्या फितींच्या मागे ठेवलेल्या आपल्या डिस्क त्यांनी काढल्या, आणि दुपारी चहालाही न उठता संग्रहातलं प्रत्येक मूळ बोचकं त्यांवर उतरवून घेतलं. आधीच्या प्रती होत्याच, नव्याने आलेल्या पुस्तकांची भर घातली. मग उगाच दहाबारा बोचकी उघडून ऐकून पाहिली. सूड घ्यावा, पण विमा उतरवून घ्यावा, अशा मताचा माणूस.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट चालली. साडू पडद्यासमोर हाताची घडी घालून उभा. संग्रहातलं पहिल्या क्रमांकाचं पुस्तक होतं ‘घरातले कीटक आणि त्यांचा बंदोबस्त’. संस्था सुरू झाली तेव्हा दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून ते घेतलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरांनी नाक चोंदलेलं असताना ते वाचलं होतं. ते परातीत पडलं आणि पाय पसरून बसलं. त्याच्यापेक्षा लांब पुस्तक आलं की त्याची शेपटी तेवढी परातीत शिरे आणि तीही कायमची मुक्कामाला राही. असं करत करत परात भरली, आणि मग पुढची सगळी बोचकी एका मापाची निघायला लागली.

“बघा मॅडम,” साडू कौतुकाने सांगत होता, “आधी काय ती लहानमोठी धांदल होती. आता सगळी एकसारखी! एकात उन्नीस-बीस नाही.”

“पण जागा जास्त लागतेय म्हणे?”

“क्वालिटी, मॅडम.”

बुवा पलीकडे टेबल पुसत होते. पुसलेलंच पुन्हा पुसत होते.

त्या संध्याकाळी घरी ते शीळ घालत शिरले. बायको भाजी निवडता निवडता थांबली.

“अहो, तुम्ही शीळ घालताय.”

“मग?”

“मग कोणाचं काय बिघडलंय?”

“माणसाने आनंदातही राहू नये का?”

“तुम्ही आनंदात असता तेव्हा झोपता. शीळ घातली होती ती शेजाऱ्यांच्या गाडीचं चाक बसलं तेव्हा.” तिने सुरी खाली ठेवली. “माझ्या बहिणीच्या संसाराला धक्का लागला तर बघा हं.”

“तिला कशाला लागेल? मी काय केलंय? मी तर हातही लावला नाही.”

हे अगदी खरं होतं, आणि बायकोला ते आवडलं नाही.

नवी यंत्रं वाटायचा समारंभ ठरला होता. त्याआधी एक यंत्र चाचणीसाठी पियानो जुळवणाऱ्या आजोबांकडे पाठवलं होतं. हे आजोबा म्हणजे संस्थेचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात भांडकुदळ वाचक. सुरात केसाएवढा फरक त्यांना खपत नसे, तर पुस्तकातला काय खपणार. त्यांचा फोन नेमका बुवांनीच उचलला.

“कोण, बोचकेबुवा? अहो, मी रहस्यकथा मागवली होती ना? बंगल्यात प्रेत सापडतं ती?”

“हो, मग?”

“प्रेत राहिलं बाजूला, हा नाकातला माणूस मला अर्धा तास झुरळांचं सांगतोय! मी म्हटलं, असेल, खुनाचा धागा असेल. विष वगैरे. मी लक्ष देऊन ऐकलं हो! आता दुसऱ्या प्रकरणात ढेकूण आलेत.”

बुवांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर तोंड करून जे काय हसायचं ते हसून घेतलं.

“आजोबा, याच्यातलं मला काय कळतंय. संग्रहप्रमुख वेगळे आहेत आता.”

“तो बाह्या दुमडणारा? त्याला द्या फोन.”

खरं तर सगळे फोन तिकडे ढकलायची त्यांची सवय. हा मात्र त्यांनी ढकलला नाही. “फोनवर कशाला?” ते मऊ आवाजात म्हणाले. “समारंभाला या ना. तिथे सगळे असतील. मोकळेपणाने बोला. आणि यंत्राचा आवाज चांगला मोठा होतो, ते चाक उजवीकडे फिरवायचं.”

समारंभ संस्थेच्या मोठ्या खोलीत सकाळी झाला. खुर्च्यांवर वाचक, त्यांच्याबरोबर कोणाची मुलगी, कोणाचा नवरा. मॅडम बोलल्या. मग साडू उठला. नवा शर्ट होता, पण बाह्या दुमडलेल्याच. तो म्हणाला, एकही पुस्तक न गमावता सगळा संग्रह बदलून दाखवणारी आपली पहिली संस्था असेल. टाळ्या पडल्या. बुवांनीही वाजवल्या, सगळ्यात शेवटपर्यंत. मग यंत्रं वाटली गेली, ज्याने जे पुस्तक मागितलं होतं ते आत घालून.

आजोबांनी चाक उजवीकडे फिरवलं.

“झुरळ हा काळोखात राहणारा प्राणी असून,” चोंदलेलं नाक खोलीभर घुमलं.

“ऐका!” आजोबा उठून उभे राहिले. “ही रहस्यकथा! आणि खुनी कोण, मुंग्या?”

लोक हसले. साडूही हसला. “एखादं इकडचं तिकडे झालं असेल, आजोबा, आत्ता बदलून देतो.” पण तेवढ्यात मागच्या रांगेत कोणीतरी आपल्या कविता लावून पाहिल्या. झुरळ हा काळोखात राहणारा प्राणी असून. डावीकडे एकाने संविधानाची ओळख मागितली होती. झुरळ हा. एकीकडून दुसरीकडे ते नाक पसरत गेलं, पुढेमागे पडत, एकमेकांवर चढत, शेवटी सगळी खोली एका सुरात झुरळांचा बंदोबस्त सांगायला लागली. हसणाऱ्यांना श्वास घेता येईना. साडूचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो या यंत्राकडून त्या यंत्राकडे धावत होता, बटणं दाबत होता, आणि बुवा भिंतीला टेकून बघत होते. महिनोन्‌महिने मुरलेली चव जिभेवर आली होती, आणि ती, खोटं कशाला बोला, फार उत्तम होती.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी समुद्रप्रवासाचं पुस्तक मागितलं होतं. त्या हसल्या नाहीत. कानातून इअरफोन काढला, त्याची वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, आणि कोणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या, “हे नाही हो.” एवढंच. बुवांच्या तोंडाची चव किंचित खारट झाली. पण किंचितच.

मॅडमनी दोघांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“मूळ पुस्तकं?” त्यांनी विचारलं.

साडूने दुमडलेली बाही उगाच सोडली. “पाठोपाठ... डिलीट होत होती.”

“म्हणजे सगळं गेलं?”

बुवांनी हाच क्षण कितीदा तरी मनात घोळवला होता. ते घसा साफ करून म्हणाले, “गेलं नाही, मॅडम. माझ्याकडे प्रती आहेत. एकूण एक.”

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. बुडत्याने फळीकडे बघावं तसं साडूने बुवांकडे बघितलं. “दादा!” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले.

“त्या देईन,” बुवा म्हणाले. “पण स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ होती. ती कोणाची होती आणि कोणी पुसली, ते आधी यांनी सांगावं. बाहेर, सगळ्यांसमोर.”

“यांचीच, मॅडम,” साडू घाईघाईने म्हणाला. “स्क्रिप्टच यांची. नाव मी काढलं. सांगतो, आत्ता बाहेर सांगतो. चूक झाली.”

झालं. हेच हवं होतं. बुवांना वाटलं होतं की या वाक्यावर कुठेतरी पडदा पडेल. पण मॅडम विचार करत होत्या.

“एकूण एक म्हणजे, नवीन पण? ते समुद्रप्रवासाचं? ते तर आत्ता आत्ता वाचून झालंय.”

“ते पण आहे.”

“ते कधी घेतलंत?”

“स्क्रिप्ट चालायच्या आदल्या दुपारी,” बुवा म्हणाले. अभिमानाने म्हणाले. आणि तोंड मिटता मिटता त्यांना कळलं.

मॅडमनी चष्मा काढला. “आदल्या दुपारी. बरं झालं सुचलं. का सुचलं?”

खोलीत पंखा कुरकुरत होता.

“मी यांना दाखवली होती,” साडू हळूच म्हणाला. “त्याच सकाळी. हे म्हणाले, छान आहे. हात लावायला जागा नाही.” मग त्याला स्वतःलाच त्याचा अर्थ लागला आणि तो बुवांकडे वळला. “दादा, तुम्हाला दिसलं होतं?”

बुवांनी नजर पंख्याकडे वळवली.

“एकाने चोरी केली,” मॅडम म्हणाल्या, “आणि दुसऱ्याने घराला आग लागताना बघत बसून भांडी तेवढी बाहेर काढून ठेवली. मला सांगा, यात वाचकांचं कोण बघत होतं?”

त्याच दिवशी साडूने बाहेर येऊन सगळ्यांसमोर ओळ परत लिहिली. वडिलांच्या नावासकट, बुवा सांगतील तशी. त्याची संग्रहप्रमुखाची जागा गेली. ती बुवांनाही मिळाली नाही. बुवांच्या स्क्रिप्टने पुस्तकं पुन्हा बांधली गेली, परात दरवेळी घासून. पण मॅडमचा आता कुठल्याच तपासणीवर विश्वास नव्हता. त्यांनी ठरवून दिलं, प्रत्येक बोचकं माणसाच्या कानाने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचं. दोघांनी मिळून. काचेच्या खोलीत, एका टेबलाशी, एका यंत्राला दोन हेडफोन लावून. आणि दोघांनी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पुस्तक वाचकाला जायचं नाही.

समुद्रप्रवासाचं पुस्तक सगळ्यात आधी ऐका, असं बुवांनीच सुचवलं. ते त्या टेलिफोनवाल्या बाईंना त्यांनी स्वतः नेऊन दिलं.

घरी बायकोने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “मग? मिळाली ना तुमची ओळ?”

“मिळाली.”

“मग आता तरी त्याला ‘अरे’ म्हणा.”

“बघू.”

काचेची खोली लहान होती. दोन माणसं बसली की गुडघे लागत. भिंतींना आवाज शोषणारा जाड कापडी थर, दाराला रबर, बाहेरचं काही आत नाही आणि आतलं काही बाहेर नाही. पहिले काही दिवस साडू नरमाईने वागला. पाणी आणून देई, खुर्ची पुढे करी. मग सवयीने पुन्हा सुटला. मध्येच पाय हलवी, घड्याळ बघी, सुस्कारे टाकी. स्वस्थ बसणं त्याच्या पिंडातच नव्हतं, आणि बुवांच्या हे फार लवकर लक्षात आलं. कुठलं पुस्तक कधी ऐकायचं ते मॅडमनी त्यांच्यावरच सोडलं होतं. बुवांनी फार विचारपूर्वक निवड केली.

त्या दुपारी ‘विहिरींचे बांधकाम, जुने व नवे’ चाललं होतं. वाचणारे गृहस्थ असे एकसुरी की प्रश्नचिन्ह आणि पूर्णविराम यांत त्यांनी कधी भेदभाव केला नाही. विटांच्या थरांचं प्रकरण सुरू झालं आणि साडूची मान हळूहळू पुढे आली. हनुवटी छातीला टेकली. हेडफोन एका कानावरून घसरला. तोंड थोडं उघडं राहिलं. झोपेत तो अगदी लहान दिसत होता, लग्नात दिसत होता तसा.

बुवा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. विटांचे थर संपले, गिलावा झाला, कठडा बांधून झाला. पुस्तक संपलं. आता फक्त ‘बरोबर’ म्हणायचं होतं. मग दोघंही उठून बाहेर चहाला गेले असते, पाठीचा कणा मोकळा केला असता, उन्हात जरा उभे राहिले असते. बुवांची कंबर सकाळपासून भरून आली होती.

त्यांनी साडूच्या खांद्याला हात लावला.

“उठा.”

“अं? संपलं? बरोबर ना?” साडू डोळे चोळत म्हणाला.

“तुम्ही झोपला होतात.”

“पण दादा, तुम्ही ऐकलंत ना सगळं?”

“दोघांनी ऐकायचं ठरलंय,” बुवा म्हणाले. त्यांनी कमरेमागे उशी सरकवली, साडूच्या कानावर हेडफोन नीट बसवून दिला, आणि विहीर पुन्हा पहिल्यापासून खणायला घेतली.